तीन चुली आणि एक पिठलं

हडपसरच्या बाजारातून कालव्याच्या कडेकडेने सायकल मारत गेलं की आमची वस्ती लागायची. पाच-सहा घरं, भोवती मेथी-कोथिंबिरीचे वाफे, शेवंतीचा एक तुकडा आणि एक विहीर. पोहायला शिकवतो म्हणून आमच्या काकांनी वस्तीतलं प्रत्येक पोर त्या विहिरीत एकदा तरी बुडवून वर काढलेलं आहे. आता तिथे काचेची इमारत आहे. मागे एकदा कामासाठी मी आत गेले होते. पाहुण्यांना बसायला जिथे सोफा ठेवलाय तिथेच आमचा गोठा होता असा माझा अंदाज आहे. त्या सोफ्यावर मला जेवढा वेळ ताटकळत ठेवलं तेवढा वेळ आम्ही म्हशीलाही कधी ठेवलं नव्हतं.

तर ही जमीन संगणकासाठी हवी आहे, अशी बातमी पहिल्यांदा आली तेव्हा वस्तीत कुणाचा विश्वास बसेना. त्या दिवसांत पुण्यात जो तो संगणकाचंच बोलायचा. मी सदाशिव पेठेत खोली घेऊन कॉलेज करत होते आणि संध्याकाळी संगणकाच्या क्लासला जात होते, त्यामुळे वस्तीपुरती त्या विषयातली तज्ज्ञ मीच. माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांनी मला विचारलं, "केवढा आसतो गं त्यो?" मी हाताने दाखवलं, टीव्हीएवढा. दादांनी कालव्यापासून रस्त्यापर्यंत नजर फिरवली आणि म्हणाले, "आन् येवढ्या जागंत किती ठिवनार हायेत?"

काकांची चौकशी वेगळ्या दिशेने गेली. त्यांनी माझ्याकडून एवढंच काढून घेतलं की क्लासमध्ये संगणकाच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागतात, आत थंडगार असतं आणि कुणी मोठ्याने बोलत नाही. त्यावरून हे एक प्रकारचं देवस्थान आहे असं त्यांनी ठरवलं आणि बाजारात चार लोकांना तसं सांगूनही टाकलं. पुढे कितीतरी दिवस भाजी घेणारी माणसं आईला विचारायची की तुमच्याकडे कुठला देव येतोय.

हसायला ठीक होतं, पण मग नोटीस आली. जमीन जाणार, घरंही जाणार, आणि घरांची पाहणी करायला साहेब येणार. त्या नोटिशीतलं मराठी असं होतं की वाचून झाल्यावर आपण गुन्हेगार आहोत की वारस आहोत हेच कळेना. मी ती घेऊन सरळ वकीलबाईंकडे गेले.

वकीलबाई सदाशिव पेठेत माझ्या खोलीच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. धरणात, रस्त्यात, कारखान्यात ज्यांची घरं गेली अशा लोकांची कामं त्या करायच्या आणि फी घ्यायचं बहुधा विसरायच्या. दारावर त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी लिहून लावली होती: 'सल्ला मिळेल. सहानुभूती येताना घरून आणावी.' नोटीस वाचून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "ज्याने हे लिहिलंय त्याला याचा अर्थ विचारला तर तोही वकील करेल. रविवारी येते मी."

रविवारी त्या लुनावरून आल्या. आमच्या ओट्यावर बसल्या आणि सगळ्यांना समोर बसवून त्यांनी नियम समजावून सांगितला. ज्यांचं राहतं घर जातंय अशा प्रत्येक कुटुंबाला नव्या वसाहतीत घर बांधायला एक भूखंड मिळेल. आणि कुटुंब म्हणजे काय, तर एका चुलीवर जेवणारी माणसं.

"एक चूल, एक कुटुंब, एक भूखंड," वकीलबाई म्हणाल्या. "आपल्याकडे चुली किती?"

"येकच," आई मोठ्या अभिमानाने म्हणाली. "लगीन हून आले तवापासनं येकच हाय."

"अरेरे," वकीलबाई म्हणाल्या.

आईला असं उत्तर आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. घरात दादा-आई, काका-काकी, आम्ही पोरं, एवढी माणसं एका चुलीवर जेवतात हे ऐकून आजवर प्रत्येकाने वाहवाच केली होती. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की सरकारी हिशोबात एकी हा तोट्याचा व्यवहार आहे.

मग वकीलबाईंची नजर आत्याकडे गेली. आत्या म्हणजे दादा आणि काका दोघांची धाकटी बहीण. लग्न करून गेली आणि वर्षाच्या आत एक पिशवी घेऊन परत आली, ती कायमची. पहाटे उठून मेथीच्या जुड्या बांधणं, शेवंती खुडणं, म्हशीची धार, सगळं तिच्याकडे. बोलायची कमी. ती दाराच्या आत, उंबऱ्यापाशी बसून ऐकत होती.

"ह्यांचं काय?" वकीलबाईंनी विचारलं. "घर कोणाच्या नावावर आहे?"

"आमा दोघा भावांच्या," काका म्हणाले.

"आणि ह्यांचं नाव कुठे येतं?"

काकांनी खूप विचार केला. मग म्हणाले, "राखीपुनवंला."

"छान," वकीलबाई म्हणाल्या. "आता समजा हे घर पाडलं. आपण दोघे भाऊ नव्या जागी जाल. ह्या कुठे राहतील?"

"आमच्यापाशी," दादा आणि काका एकदम म्हणाले. आणि मग दोघांनीही आपापल्या बायकोकडे पाहिलं. आई पदराशी चाळा करत होती आणि काकी एकाएकी म्हशीकडे बघायला लागली होती. कुणी वाईट नव्हतं, पण नव्या भूखंडांचा आकार वकीलबाईंनी नुकताच ओट्यावर खडूने काढून दाखवला होता, आणि तो आमच्या गोठ्याएवढाही नव्हता. आत्या खाली मान घालून तो खडूचा चौकोन बघत राहिली. तिला पुन्हा एकदा पिशवी उचलावी लागणार होती आणि या वेळी परत यायला घरच राहणार नव्हतं. हे मला तेव्हा लख्ख दिसलं.

वकीलबाईंनी नियमातलं पुढचं वाक्य वाचलं. परित्यक्ता स्त्री जर स्वतंत्र स्वयंपाक करून राहत असेल तर ती स्वतंत्र कुटुंब धरली जाईल आणि तिला स्वतःचा भूखंड मिळेल.

"तक्ता म्हंजी? साळंतला?" काकांनी विचारलं.

"परित्यक्ता. नवऱ्याने टाकलेली."

"मला कुनी टाकली न्हाई," आत्या उंबऱ्यावरून म्हणाली. एवढ्या वेळात तिचं हे पहिलं वाक्य. "मीच निगून आले. त्यो मारायचा."

वकीलबाईंनी नियमाचा कागद खाली ठेवला. मग आत्याकडे वळून मऊ आवाजात म्हणाल्या, "बरोबर आहे आपलं. पण हा शब्द सरकारचा आहे. आपल्यासारखीला त्यांच्याकडे दुसरा शब्द नाही. भूखंड मिळेपर्यंत तेवढा वापरायचा."

"दुसरीचं लुगडं नेसल्यावानी?"

"तसंच. परत करता येतं."

जाताना वकीलबाईंनी दादा-काकांना स्पष्ट सांगितलं, की आत्याबाईंनी आजपासून वेगळी चूल मांडावी, खरोखर मांडावी आणि खरोखर तिच्यावर जेवावं. तुम्ही दोघे भाऊ मात्र काही उचापती करू नका. बायकापोरं असलेला भाऊ हे वेगळं कुटुंब धरायला हवं, हा तुमचा हक्कच आहे, चूल एक असो की चार, आणि तो मी सरळ मार्गाने मागणार आहे. "सरळ मार्ग लांबचा असतो," त्या लुनाला पॅडल मारत म्हणाल्या, "पण त्यावर आपटायला होत नाही."

लुना दिसेनाशी झाली आणि काका दादांना म्हणाले, "दादा, आपुनबी येगळी चूल मांडू."

आमच्याकडे वेगळी चूल मांडणे याचा एकच अर्थ होतो, भाऊ भाऊ भांडले. कुणी सुखासुखी वेगळी चूल मांडत नाही. आणि साहेब शेजाऱ्यांना विचारणार होते, हे कधी वेगळे झाले, कशावरून झाले. म्हणजे भांडण हवं होतं, तेही वस्तीला ऐकू जाईल असं. आणि इथेच अडचण होती. दादा आणि काका जन्मात भांडले नव्हते. काका दादांच्या समोर पान खात नसत, आणि दादा काकांना विचारल्याशिवाय साधा पाइप विकत आणत नसत.

मग मला कॉलेजची सुट्टी लागली आणि तालीम सुरू झाली. गोठ्यात, म्हशीच्या साक्षीने. मी दिग्दर्शक, कारण मी कॉलेजच्या एकांकिकेत झाडाचं काम केलं होतं. मी काकांना म्हटलं, तुम्ही आधी ओरडा. काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली, घसा साफ केला आणि म्हणाले, "दादा, राग येनार नसंल तर येक बोलू का?"

"बोल की," दादा म्हणाले.

"तुमी मानूस वंगाळ हाय."

"आसंल बाबा," दादा म्हणाले आणि दोघंही हसत सुटले. म्हशीने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. मी वैतागून म्हटलं की अशाने भूखंड तर सोडाच, बक्षिसाचा नारळही मिळायचा नाही.

पुरुषांकडून हे होणार नाही हे उघड झालं, तेव्हा ते काम आई आणि काकीकडे आलं. विषय काय घ्यायचा यावर बराच खल झाला. जमीन नको, म्हणे लोकांना खरं वाटेल. दागिने नकोत, दागिने होते कुठे. शेवटी मी सुचवलं, मीठ. आई कालवणात मीठ जास्त घालते आणि काकीला ते चालत नाही. निरुपद्रवी विषय. कुणाचं मन दुखायचं कारण नाही, असं मला वाटलं. मी तेव्हा फार लहान होते आणि स्वयंपाकघराबद्दल मला काहीच माहीत नव्हतं.

ठरल्याप्रमाणे संध्याकाळी, विहिरीवर बायका जमल्या असताना, काकीने हंडा आपटला आणि सुरुवात केली. पहिली दोन वाक्यं मी लिहून दिलेली होती. तिसरं तिचं स्वतःचं होतं. त्यानंतर काकी थांबलीच नाही. लग्न करून आल्यापासून तिने या घरात खारट आमटी, खारट भाजी, खारट खिचडी खाल्ली आहे, थोरल्या जाऊबाईंच्या हाताला अंदाज म्हणून नाही, आणि एका पाहुण्याने तर ताटावरून उठून तीन तांबे पाणी पिलं होतं. आईचा चेहरा पांढरा पडला. "त्यो पावना तिखटानं उटला व्हता," ती म्हणाली, "आन् तिखट तू घातलं व्हतंस." हे नाटकात नव्हतं. विहिरीवरच्या बायका हंडे खाली ठेवून आरामात बसल्या. मी मधे पडून "पुरे, पुरे" म्हणायला लागले, तर दोघींनी मलाच झापलं, की पुण्याला शिकायला जातीस तर तिथंच राहा.

त्या रात्री आई जेवली नाही. दादा मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, भांडान चांगलं झालं, पन हे मिटवायचं कुनी?"

तर घराच्या पुढच्या पडवीत काकीची चूल आली. दोन विटा आणि वरून मातीचा हात, जेमतेम. तिच्यावर काही शिजायचं नव्हतंच. आईच्या चुलीतली राख घमेल्यात भरून रोज तिच्यात टाकायची आणि बाजूला काजळी फासायची हे काम काकांकडे होतं, आणि ते त्यात इतके रंगले की काजळी भिंतीवर छतापर्यंत गेली. एवढा धूर आगीच्या बंबाला बोलवल्याशिवाय होत नाही. त्या उबदार राखेत आमच्या मांजरीने दुसऱ्याच दिवशी मुक्काम ठोकला.

आत्याची चूल मात्र वेगळीच होती. ती तिने वकीलबाई गेल्या त्याच दुपारी घालायला घेतली होती. कालव्याकाठची चिकणमाती, भुसा, शेण, नीट मळून, गोल घोटून. मागच्या छपरीत, शेवग्याखाली. सारवण वाळायला दोन दिवस गेले, तोवर कुणाला हात लावू दिला नाही. आणि पहिल्या जाळापासून ती आमच्यात जेवायला येईनाशी झाली. दादा म्हणाले, "अगं, साहेब यायला अजून टाईम हाय. आत्तापासनं कशाला?" ती म्हणाली, "सवय व्हाया पायजे." आई माझ्याबरोबर कालवणाची वाटी पाठवायची, आत्या ती ठेवून घ्यायची आणि वाटी रिकामी परत करायची नाही म्हणून तिचं काहीतरी घालून द्यायची. आम्हाला वाटलं, ही जरा जास्तच मनावर घेते आहे.

पाहणीचे साहेब आले ते नेमके जेवणाच्या वेळेला. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून आले होते. किडकिडीत, सभ्य, पोटावर सारखा हात. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं की त्यांना पित्ताचा त्रास आहे, तेव्हा चहा नको. मागोमाग वकीलबाईही लुनावरून आल्या. त्यांनी पडवीत पाऊल टाकलं, काजळी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी शेवग्याकडे पाहिलं.

"अरं, साहेबांना खुर्ची आन," दादा काकांना म्हणाले. काकांनी धावत जाऊन खुर्ची आणली, टोपीने पुसली.

"आपण दोघे बोलत नाही, असं शेजारी म्हणाले," साहेब म्हणाले.

दादा चपापले. "न्हाई बोलत. हे निस्तं सांगितलं."

"अस्सं." साहेब काकीच्या चुलीपाशी गेले, वाकले आणि वाकलेलेच राहिले. चुलीत मांजर होती. तिला रात्रीत तीन पिल्लं झाली होती. चौघंही साहेबांकडे बघत होती, म्हणजे पिल्लांचे डोळे अजून उघडायचे होते, पण तोंडं त्यांच्याकडेच होती.

"ह्या चुलीवर काय शिजतं?" साहेबांनी विचारलं.

"आज आमचा उपास हाय," काकी म्हणाली.

इथवर सुद्धा निभावलं असतं. साहेब भला माणूस होता, कानाडोळा करायच्या बेतात दिसत होता. पण जेवायच्या वेळी दारात आलेला माणूस न जेवता गेला तर आमच्याकडे तोंड दाखवायला जागा राहत नाही, मग तो घर मोजायला आलेला का असेना. आईने भाकरी-पिठल्याचं ताट आणून त्यांच्या पुढे ठेवलं. पित्ताचं नाव त्यांनी काढलं, पण आईपुढे कुणाचं चालतं. ते पाहून काकीचा जीव खालीवर झाला. घरं वेगळी म्हटल्यावर तिच्या घरून ताट नको? जाऊबाईंचं ताट गेलं आणि तिचं नाही, हे वस्तीने पाहिलं तर? ती उपास विसरून आत पळाली आणि तिनेही एक ताट आणलं. चूल तर मांजरीकडे होती. पिठलं कुठून आलं हे सांगायला नको.

साहेबांनी एका ताटातला घास खाल्ला. पाणी प्यायले. दुसऱ्या ताटातला घास खाल्ला. पुन्हा पाणी प्यायले. मग कागद चाळून काकीला म्हणाले, "वहिनी, इथे शेजाऱ्यांनी सांगितलंय, की ह्यांच्या हातचं खारट असतं म्हणून आपण वेगळ्या झालात."

"व्हय साहेब."

"मग आपलं हे पिठलंही तेवढंच खारट कसं?"

काकीचं तोंड उजळलं. लग्न होऊन आल्यापासून ज्या शब्दाची ती वाट बघत होती तो आज सरकारी माणसाच्या तोंडून बाहेर पडला होता. "बगा!" ती ओरडली. "खारट हाय का न्हाई? आता साहेबच म्हनत्यात! येकाच पातेल्यातलं हाय ते, जाऊबाईंच्या हातचं! लिवा साहेब, खारट हाय म्हनून लिवा!"

"साहेब, खरं सांगा," आई रडवेली होऊन पुढे आली, "लई खारट हाय?"

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. दादा आणि काका एकमेकांकडे पाहत उभे राहिले. भूखंड पिठल्यात बुडाल्याचं काकीच्या लक्षात यायला जरा वेळ लागला आणि मग तिने पदर तोंडात कोंबला.

मला हसू आवरेना, आणि पुढच्याच क्षणी ते गेलं. कारण साहेबांनी कागद पिशवीत घातले होते. ते चिडले होते. सभ्य माणूस चिडला की अधिकच सभ्य बोलतो. "एक चूल, एक कुटुंब," ते म्हणाले. "मागे अजून एक चूल आहे असं ऐकलं. ती बघायची आवश्यकता मला वाटत नाही. आपला वेळ घेतला."

म्हणजे आत्या गेली. आमच्या खोट्याखाली तिचं खरं दबलं. दादांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते हात जोडून म्हणाले, "साहेब, आमचं नाटक व्हतं. तिचं न्हाई."

"नाटकातला माणूस असंच म्हणतो," साहेब म्हणाले.

"बघण्याला पैसे पडत नाहीत," वकीलबाई म्हणाल्या. "न बघता परत गेलात तर मात्र मला लिहावं लागेल, की न बघता परत गेलात. आणि मी फार सविस्तर लिहिते."

साहेबांनी पोटावरून हात फिरवला आणि मागच्या छपरीकडे निघाले. आम्ही सगळे मागोमाग.

आत्या चुलीपुढे बसली होती. पुढे एवढा गोंधळ चालला होता तरी ती उठून आली नव्हती, कारण तव्यावर भाकरी होती. चुलीत जाळ होता, फडताळावर पिठाचा डबा, दोन ताटल्या, एक तांब्या. साहेबांनी शेजारच्या कढईवरचं झाकण उचललं.

"हे काय?"

"कारलं."

कारलं आमच्या घरात शिजत नसे. दादांना त्याचा वास सहन होत नाही, काका नाव काढलं की तोंड वाकडं करतात. आत्याला कारलं आवडतं हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला काय आवडतं हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. जे सगळ्यांसाठी रांधलं जाई ते ती सगळ्यांच्या मागून खायची.

"पुढे दोन्ही ताटांत हे नव्हतं," साहेब म्हणाले.

"त्यास्नी चालत न्हाई."

"मग कोणासाठी केलंय?"

आत्याला प्रश्नच कळला नाही. तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, "मी खानार की."

साहेब उकिडवे बसले. आत्याने न विचारता त्यांच्या हातावर भाकरीचा तुकडा आणि वर कारल्याची फोड ठेवली. त्यांनी ती खाल्ली, चेहरा केवढा तरी कडू झाला, आणि तरी दुसरी मागून घेतली. पित्ताला चांगलं असतं म्हणाले. मग त्यांनी कागद पुन्हा बाहेर काढले.

"परित्यक्ता?"

आत्याने वकीलबाईंकडे पाहिलं. "सरकारचा सबूद हाय," ती म्हणाली. "लिवा."

"कुटुंबात माणसं किती?"

"येक."

"कुटुंबप्रमुख कोण?"

आत्याने सवयीने दादांकडे पाहिलं. दादाही सवयीने एक पाऊल पुढे आले, बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ते पाऊल त्यांनी परत मागे घेतलं. चुलीत लाकूड तडतडत होतं.

"मी," आत्या म्हणाली. मग जरा मोठ्याने, "मीच हाय."

साहेबांनी ते लिहून घेतलं. वकीलबाईंनी पदराने चष्मा पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिल्या. मला रडू आलं आणि त्याची मला लाज वाटली नाही.

दादा-काकांचं मिळून एकच कुटुंब धरलं गेलं. वकीलबाईंनी काकांसाठी अपील केलं, विवाहित भाऊ हे वेगळं कुटुंब आहे म्हणून, तो त्यांचा लांबचा सरळ मार्ग. "सुनावणीला जरूर या," त्या काकीला म्हणाल्या, "फक्त डबा आणू नका." काकांना भूखंड मिळाला, पण फार उशिरा, तोवर सगळे एकाच छपराखाली दाटीवाटीने राहिले, आणि मिठाचं भांडण त्या घरात रोज नव्याने शिजत राहिलं.

साहेब येऊन गेले त्या संध्याकाळी दादा छपरीत गेले. म्हणाले, "झालं की आता. चल जेवाया."

"मी जेवले," आत्या म्हणाली.

"अगं, नाटक संपलं."

"तुमचं संपलं," आत्या म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. दादा तसेच परत आले. आई काही विचारायच्या आत म्हणाले की तिचं ताट वाढू नकोस.

नव्या वसाहतीत आत्याने एक खोली बांधली, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. दार लोखंडी, आतून कडी. ती राहायला गेल्यावर दादा पहिल्यांदा तिच्याकडे निघाले तेव्हा मी बरोबर होते. थोरला भाऊ बहिणीच्या घरात जसा जातो तसे ते बोलत बोलत सरळ आत शिरायला गेले, तर दार बंद होतं. त्यांनी ढकलून पाहिलं. मग वाजवलं.

"कोन हाय?" आतून आत्याने विचारलं.

दादांनी टोपी सारखी केली. "मी हाय," ते म्हणाले. "यिऊ का?"

"थांब जरा," आत्या म्हणाली.

आणि दादा थांबले.